तीन माणसांदेखत

११ सप्टेंबर

काका,

नमस्कार लिहिणार होतो, पण तुम्ही तो घेणार नाही, मग वाया कशाला घालवा. फोन करून पाहिला. माझा आवाज ऐकल्याबरोबर तुम्ही 'दुकान बंद आहे' म्हणालात आणि ठेवून दिलात. मागे गिऱ्हाईक 'आठ नंबर दाखवा' म्हणत होतं ते मला स्वच्छ ऐकू आलं. म्हणून हे पत्र.

मी तुमची माफी मागतो आहे.

हे वाक्य लिहायला अख्खी दुपार गेली, तेव्हा वाचताना निदान चष्मा लावा. योम किप्पूर, आपला वर्षाच्या माफीचा उपवास, जवळ आला. उपवासाच्या आधी ज्याला दुखावलं त्याच्या दारात जाऊन माफी मागायची, हे मला तुम्हीच शिकवलंत. देवाशी केलेले गुन्हे देव त्या एका दिवसात माफ करतो, माणसाशी केलेले माणसानेच माफ करायचे, त्यात देव मध्ये पडत नाही. हे पाठ करून घेताना तुम्ही माझा कान धरला होता. डोक्याने विसरलो असतो, कान विसरला नाही.

तर गेल्या वर्षीचं. दिवसभराचा उपवास, घशाला कोरड, प्रार्थनालयात शेवटची प्रार्थना चाललेली. खिडकीशी उभं राहून तीन चांदण्या दिसल्या की शिंग फुंकायचं, म्हणजे सगळ्यांचा उपवास सुटला, हे काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. मी एकही चांदणी न बघता फुंकलं. वर बघायचं होतं, मी खाली बघितलं. खाली रस्त्यावरून घड्याळवाल्यांची मुलगी तिच्या आईबरोबर बस स्टँडकडे निघाली होती. वर्षभरासाठी मावशीकडे. अंधार पडला की बस सुटणार होती, आणि मला तिच्याशी एक शब्दही बोलायला मिळाला नव्हता. तुम्ही तरुण असताना बूटच विकत होतात का फक्त? समजून घ्या.

आता खरं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल लपवलं. ती परत आली आहे. तिच्या वडिलांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "ज्याचं स्वतःच्या काकाशी पटत नाही त्याच्या घरात मी मुलगी देत नाही. यंदाचा उपवास सुटेपर्यंत तुझ्या काकाने तुला माफ केलं असं मला त्यांच्या तोंडून ऐकू आलं, तर बघू. नाहीतर चष्म्याच्या दुकानवाल्यांचं स्थळ आलेलं आहे." चष्मेवाला, काका. जी मुलगी डोळ्याला भिंग लावून केसाएवढा काटा चिमट्याने उचलते, तिच्या पदरात चष्मेवाला. मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने ते भिंग न काढताच वर पाहिलं होतं. मी एवढा मोठा कोणालाच कधी दिसलो नसेन.

तर माफ करा आणि तसं घड्याळवाल्यांना सांगा. त्यांचं दुकान तुमच्यापासून चार दारं सोडून आहे, चालायचेही कष्ट नाहीत. नाही म्हणालात तर तेही मला चालेल, कारण नियम तुम्हीच सांगितलाय: तीनदा माफी मागून दिली नाही, तर पाप मागणाऱ्याचं राहत नाही, न देणाऱ्याच्या डोक्यावर जातं.

ही पहिली.

तुमचा, अजून तरी, पुतण्या

---

१६ सप्टेंबर

काडेपेटी,

लहानपणी तुला हे नाव मी ठेवलं ते गंमत म्हणून. आता वाटतं, जन्मदाखल्यावरच लिहायला हवं होतं.

तुझं पत्र मिळालं. माफीचं आहे की नोटीस, ते समजायला दोनदा वाचावं लागलं. चष्मा लावून. माफी मागणारा माणूस शेवटी 'पाप तुमच्या डोक्यावर' असं लिहीत नाही. आणि मागायची ती तीन माणसांदेखत मागायची असते, हेही त्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा बहुतेक दुसरा कान माझ्या हातात होता. कॉलेज अर्धवट, धर्मही अर्धवट. एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेलीस तर कळव, मी सगळ्यांना सांगेन.

शिंगाबद्दल मागतोस ना? शिंगाचं देवाकडे माग. उपवास त्याचा होता. त्याला वेळ आहे, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. उपवासाला कातडं पायात चालत नाही म्हणून सगळ्यांना याच महिन्यात कापडी बूट हवे असतात, आणि सगळ्यांना नऊच नंबर.

तरी तुला माहीत असावं म्हणून लिहितो. तू फुंकलंस तेव्हा सगळ्यांच्या आधी पाण्याचा पेला मी उचलला. मोठा मान म्हणून तो पहिला मला देतात. घोट तोंडात घेतला आणि घड्याळवाल्याने मनगट माझ्यापुढे धरलं. मग त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. आभाळ असं उजेडाचं की वर्तमानपत्र वाचता आलं असतं. माझ्या तोंडात पाणी. गिळू की थुंकू कळेना. वीस वर्षं ते शिंग मी वाजवलं, तुला शिकवलं, आणि सगळ्यांच्या देखत गाल फुगवून उभा राहिलो, माकडासारखा. त्याचंही काही नाही. एक दिवस हसले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी दुसरं काही झालं असेल हसायला.

मी रागावलोय ते याच्यावर नाही. कशावर, ते तुला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हाच खरा राग आहे. मी सांगणार नाही. सांगून मागितलेली माफी म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितल्यावर बुटाला मारलेला खिळा. दुसऱ्या दिवशी टोचतो.

आणि त्या रात्री मी दारात तुला 'चालता हो' म्हणालो तर तू खरंच चालता झालास. एवढा शब्द पाळणारा होतास, तर 'कॉलेजात जा' म्हटलं तेव्हा काय झालं होतं?

माफी नाही.

बूटवाला

---

२० सप्टेंबर

काका,

दुसऱ्यांदा मागतो. तीन माणसांदेखत.

मी काय काम करतो हे तुम्ही कोणालाच सांगत नाही असं ऐकलं, म्हणून मीच सांगतो. लॉन्ड्रीत आहे. सकाळी मळके कपडे निवडतो, डागावर खडूने खूण करतो, दुपारी वाफेच्या प्रेसवर कॉलर आणि कफ. सध्या पांढरंच येतं आहे. इथेही आपली पंधरा-वीस घरं आहेत, उपवासाच्या दिवसासाठी सगळ्यांना पांढरं शुभ्र हवं. वर्षभराची पापं आम्ही घासतो आणि ते जाऊन देवाला दाखवतात. लग्न झाल्यावर मी हेच करणार. लाज वाटत नाही. तुम्ही लोकांच्या पायाशी बसता, मी गळ्याशी आहे, म्हणजे घराणं वरच चाललंय.

आता माफी. तुम्ही सांगत नाही, मग मी आठवेल ते सगळंच मागतो. कॉलेज सोडलं, तेही फी भरल्यावर. तुम्हाला न विचारता सोडलं. दुकानात गिऱ्हाइकासमोर खोकी फेकली, त्यातलं एक त्या गिऱ्हाइकालाच लागलं. आणि त्या रात्री दारात तुम्ही ओरडलात तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही काही माझे बाप नाही." हे लिहिताना हात अडला. आठव्या वर्षापासून ज्याने मला वाढवलं, पायात बूट घातले, त्याला हे म्हणायचं नव्हतं. तुम्ही आधी थोबाडीत दिलीत, हे मी मध्ये आणत नाही. म्हणजे आत्ता आणलं, पण परत आणणार नाही.

त्या रात्री मी काय मोठं केलं होतं? स्टँडवर धावत गेलो. पोचेपर्यंत अंधार पडला, बस सुरू झालेली. ती खिडकीत होती. वर्षभर मनात जुळवलेलं सगळं विसरलो आणि एवढंच विचारलं, "पाणी प्यायलीस का?" ती हसली. बस गेली. मी तिथेच बसलो, किती वेळ ते माहीत नाही, मग घरी आलो तर दारात तुम्ही. आत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाहीत. एका मुलीला पाणी विचारलं म्हणून माणसाला घराबाहेर काढतात का, सांगा.

वरचं सगळं पत्र मी लॉन्ड्रीत मोठ्याने वाचलं. साक्षीदार खाली लिहीत आहेत.

"ऐकलं. मुलगा रागीट आहे पण कॉलर उत्तम करतो. माफ करून टाका, म्हणजे याचं लक्ष कामात राहील. – लॉन्ड्रीची मालकीण"

"ऐकलं. थोबाडीतलं वाक्य काढून टाक म्हणून मी सांगितलं होतं. ऐकत नाही. – इस्त्रीवाला"

"मी अर्धंच ऐकलं, गाडी चुकीच्या ठिकाणी लावली होती. पण माफ करा. – गाडीवाला"

ही दुसरी.

पुतण्या

---

२५ सप्टेंबर

काडेपेटी,

नाही.

तुझ्या साक्षीदारांबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यातल्या त्यात इस्त्रीवाला शहाणा दिसतो, त्याच्या हाताखाली राहा.

एवढं लांबलचक लिहिलंस. कॉलेज, खोकी, बाप. जाळं टाकलंस की काहीतरी लागेलच. जे लागायला हवं होतं ते तुझ्याच पत्रात होतं आणि तुझ्याच हाताने त्याच्यावरून पुढे गेलास. आणि वर मलाच विचारतोस, सांगा.

घड्याळवाला काल दुकानात आला होता. बूट बघितले, घेतले नाहीत. "काय, पुतण्याचं काय?" म्हणाला. मी म्हटलं, "कोणता?" त्याने मान हलवली आणि गेला. हे तुला कळावं म्हणून लिहितो, म्हणजे आशेवर राहायला नको. चष्मेवाल्याचा मुलगा त्याच्याबरोबर होता. बरा आहे. सावकाश बोलतो.

यंदा शिंग मी वाजवणार. तू येऊन खिडकीशी उभा राहशील, असं कोणीतरी सुचवलं, त्यालाही मी हेच सांगितलंय. माझी छाती अजून माझीच आहे.

तिसरी माफी पोस्टाने पाठवू नकोस.

बूटवाला

---

२७ सप्टेंबर

बाळा,

अक्षर वाकडं आहे कारण मनगट वाकडं आहे. कसं झालं ते सांगते, घाई करू नकोस, घाई तुझी आणि तुझ्या काकाची खानदानी आहे.

तुझी पत्रं तो जेवताना मला मोठ्याने वाचून दाखवतो. दर दोन ओळींनी थांबून शिव्या देतो. त्या दिवशी जेवण चांगलं जातं. मग त्याची उत्तरं लिहितो ती मात्र वाचत नाही, पण शाई टिपायच्या ब्लॉटिंगवर उलटी उमटतात आणि मला उलटं वाचता येतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्याचं सगळं मी उलटंच वाचत आले.

तुम्ही दोघं एकमेकांकडे माफी फेकताय, तो परत फेकतोय, आणि मधे मी बसलेय. खेळ चांगला चाललाय. मला कोणी विचारलं नाही.

ऐक. मला माहेरापासून सवय आहे, उपवास सोडताना घरातली सगळी माणसं ताटावर बसल्याशिवाय मी घोट घेत नाही. हे तुलाही माहीत आहे, त्यालाही. तू शिंग वाजवलंस तेव्हा मी बायकांच्या सज्ज्यातून उतरून तडक घरी गेले, तुम्ही याल म्हणून सगळं गरम केलं, तीन ताटं मांडली. तू आला नाहीस. तू स्टँडवर. तो पण आला नाही. तो कुठे होता, हे तुला त्याने लिहिलंय का? लिहिणार नाही. तो दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांमध्ये जाऊन बसला होता, सगळे हसले म्हणून. मी बसून राहिले. ताटं झाकली. पुन्हा उघडून गरम केलं. पुन्हा झाकली. मग उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ओट्याच्या कडेवर हात आपटला. तिथेच पडून राहिले.

तो आला तेव्हा त्याने मला उचललं. मग शेजारणीला बसवून डॉक्टरला आणायला निघाला आणि दारात त्याला तू भेटलास, हसत. तू हसत होतास, बाळा. थोबाडीत त्याने तुला मारली, पण ती त्याला स्वतःला मारायची होती. स्वतःच्या गालापर्यंत हात पोचत नाही माणसाचा, वळतो दुसरीकडे. मी आतून तुला हाक मारली. तू 'तुम्ही माझे बाप नाही' म्हणून निघून गेला होतास. माझं नाव घेतलं नाहीस. आई नाही असंही म्हणाला असतास तर निदान आठवण तरी राहिली असती.

दुसऱ्या पत्रात लिहिलंस की तिला विचारलंस, पाणी प्यायलीस का. तो ते वाचताना थांबला. शिवी आली नाही त्या ओळीला. ताट सरकवून उठला. मी ठरवलं, आता आपणच लिहायचं.

यंदा शिंगाचं त्याने तुला ऐटीत लिहिलंय. रात्री मागच्या खोलीत सराव करतो. अडलेल्या म्हशीसारखा आवाज येतो, आणि बाहेर येतो तेव्हा चेहरा राखेसारखा. दुसऱ्या कोणाला येत नाही आणि हा कोणाला सांगत नाही. मी तुला ये असं म्हणत नाही. मी पण रागावलेय, आणि माझा राग त्याच्यासारखा ओरडून संपत नाही, मुरतो.

मुलगी चांगली आहे. परवा घड्याळ दुरुस्त करायला दिलं तर माझ्या मनगटाकडे बघून पट्टा दोन भोकं सैल करून दिला, न विचारता. तुझ्यापेक्षा जास्त बघते.

काकू

---

१ ऑक्टोबर

काकू,

पत्र प्रेसच्या बाजूला उभ्याने वाचलं. एका शर्टाची कॉलर जळली. मालकीणबाईंनी ओरडायचं सोडून मला स्टूल दिलं, म्हणजे माझा चेहरा तसा झाला असणार.

वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो की काकांनी मला एका मुलीपायी घराबाहेर काढलं. इस्त्रीवाल्याला तर इतक्या वेळा सांगितलं की तो झोपेत म्हणून दाखवेल. आणि तू आत जमिनीवर.

काकांचा मला आता जास्त राग येतो आहे, हे तुला आवडणार नाही तरी लिहितो. एक ओळ लिहिली असती. 'काकू पडली' एवढी. दोन शब्द. बुटाच्या खोक्यावर सुद्धा याहून जास्त लिहिलेलं असतं. ते स्वतः खोक्यांत लपले म्हणून माझ्यापासून वर्षभर लपवलं. हे त्यांना दाखव, नको दाखवू, तुझी मर्जी. तसंही ब्लॉटिंगवर उमटेल.

तुझी माफी पत्रात मागत नाही. कशी मागायची तेच सुचत नाही. 'काकू, चुकलो' असं लिहून बघितलं, कागद बघूनच हसू आलं, मुलं फुलदाणी फोडल्यावर म्हणतात तसं.

येतो.

---

८ ऑक्टोबर

काडेपेटी,

उपवास सुटला त्याच रात्री शेवटच्या बसने गेलास, म्हणून लिहावं लागतंय. तू काय केलंस ते तुला माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो. उद्या तू नाकबूल करशील, आणि परवा तुझी मुलं विचारतील तेव्हा मी नसेन.

शेवटच्या प्रार्थनेपर्यंत तू मागच्या बाकावर गप्प होतास. मला वाटलं, सुधारला. शर्ट पांढरा होता, कॉलर चांगली होती, हे मान्य. मी शिंग ओठाला लावलं. आत नुसता वारा. परत लावलं. भोक पडलेल्या टायरसारखं काहीतरी निघालं. मागे दोघं-तिघं खोकले. खोकला कोणता खरा ते मला कळतं. तिसऱ्यांदा लावायची माझी हिंमत नव्हती. वळलो तर तू शेजारी येऊन उभा होतास, हात पुढे करून. मी दिलं. हे मी आपणहून दिलं, तू हिसकावलं नाहीस. घड्याळवाला म्हणतो हिसकावलं, त्याला मी सांगितलंय.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? फुंकेल. खिडकीत तीन काय, मूठभर चांदण्या होत्या. तू शिंग हातात धरून माझ्याकडे वळलास आणि सगळ्या प्रार्थनालयाला ऐकू जाईल असा म्हणालास, "काका, तिसऱ्यांदा मागतो. तीन माणसांदेखत म्हणाला होतात. इथे तीनपेक्षा जास्त आहेत."

मी म्हटलं, "आधी फुंक."

"आधी हो म्हणा."

"लोक उपाशी आहेत."

"मी पण आहे."

घड्याळवाला मनगटाकडे बघत होता. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, "अहो, देऊन टाका माफी, चक्कर येतेय." असा राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि त्यात आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. मी म्हटलं, "ज्याची मागायची त्याची माग. माझ्यापुढे येऊन कशाला भांडतोस?"

तेव्हा तू वर सज्ज्याकडे बघितलंस. घड्याळवाल्याची मुलगी कठड्याशी पुढेच उभी होती. तिला वाटलं तिच्याकडे बघतोयस. मलाही तेच वाटलं, सगळ्यांनाच वाटलं. तू म्हणालास, "काकू." आणि जो सुरू झालास तो थांबेना. ताटं, ओटा, मनगट, खोकी. माझी खोकी सुद्धा काढलीस सगळ्यांसमोर. म्हणजे आता मी कुठे बसलो होतो ते पोरासोरांना ठाऊक आहे. बायका रडायला लागल्या, भुकेने की कशाने देव जाणे. तू म्हणत होतास, "तुला ताटकळत ठेवलं, उपाशी ठेवलं, माझ्या एका कामासाठी."

वरून तिचा आवाज आला. ती मोठ्याने बोलत नाही, पण खालपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. "अरे, मागच्या वर्षी मला एकटीला उपाशी ताटकळत ठेवलंस तुझ्या एका कामासाठी. यंदा सगळ्यांना ठेवलंयस. हीच का तुझी माफी?"

तू लाल झालास. कानापर्यंत. दोन्ही कानांपर्यंत. आधी एक जण हसला, मग सगळेच. आणि तू फुंकलंस.

फुंकण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. वाईट नव्हतं. शेवटचा सूर मी शिकवला त्याहून लांब नेलास, हे कोणी सांगितलं होतं?

पुढचं तुला दिसलं नसेल, कारण तू कुठेच बघत नव्हतास. पहिला पेला रिवाजाने माझ्यापुढे आला. तू तो माझ्या हातातून घेतलास. हे मात्र हिसकावलंस. बायकांच्या जिन्याने वर गेलास, जिथे पुरुष जात नाहीत. ती मुलगी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिने हात पुढे केला होता, पेल्यासाठी. तू तिच्या बाजूने निघून गेलास, जशी भिंतच. मुलीने तुला त्याबद्दल माफ केलं की नाही ते तिलाच विचार, त्यात मी पडणार नाही. तुझ्या काकूने पेला डाव्या हाताने घेतला आणि प्यायली. ताटाची वाट न बघता, आधी ती प्यायली. मग खाली मला कोणीतरी दुसरा पेला दिला, तो मी प्यायलो. घरी तिने आधी घास घेतला, तू तिच्याकडे बघत बसला होतास, आणि मी तुझ्याकडे. जेवण गार झालं. तिने माफ केलं का, हे ती सांगत नाही. मनगट दुखलं की तुझं नाव घेते. पूर्वी माझं घ्यायची.

माझं विचारशील. उपवासाच्या आदल्या संध्याकाळी मी तिची माफी मागितली. माणसं तीन लागतात म्हणून शेजारचं जोडपं बोलावलं आणि तिसरा पोस्टमन, जो नेमका आला होता. दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा 'बरं' म्हणाली. पोस्टमन आता पत्र देताना माझ्याकडे बघून हसतो. हे सगळं तुझ्यामुळे.

आता मुद्द्याचं. तू वर होतास तेव्हा पायऱ्यांवर घड्याळवाल्याने मला गाठलं. एका हातात चहाचा कप, पण प्यायला नव्हता. म्हणाला, "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. पुतण्याला माफ केलंत?"

मी म्हटलं, "केलं."

तो म्हणाला, "मग माझी हरकत नाही." आणि चहा प्यायला.

नीट वाच. मी तुला माफ केलेलं नाही. तेव्हाही केलं नव्हतं, हे लिहिताना पण नाही. शेवटच्या प्रार्थनेबरोबर देवाची दारं नुकती मिटली होती, वर्षभराचं सगळं धुऊन निघालं होतं, आणि पाटी कोरी असताना तिच्यावर मी पहिली गोष्ट लिहिली ती हे खोटं. तुझ्यापायी. तेही अशा माणसाशी, जो अर्ध्या मिनिटाची चूक आयुष्यभर विसरत नाही. हे खोटं खरं झालं नाही, तर पुढच्या उपवासाआधी मला घड्याळवाल्याच्या दुकानात जाऊन, तीन माणसांदेखत, त्याची माफी मागावी लागेल. चष्मेवाला तिथे असेलच. मला ते जमणार नाही. माझ्या गुडघ्यांनाही नाही.

तेव्हा तुला एक वर्ष आहे. असं वाग की ते खरं होईल.

काका

ता. क. जाताना अंधारात माझे नवे बूट घालून गेलास, तुझे कापडी इथेच दारात पडले आहेत. माझे परत आण. पोस्टाने नको.